आधी सांगा, प्रोजेक्ट कोणता

मे-जून आला की आमच्या सोसायटीत माझा भाव वधारतो. कुणाच्या तरी मुलाला, भाचीला कॅम्पसमधून ऑफर लेटर आलेलं असतं. मी एका मोठ्या आयटी कन्सल्टिंग कंपनीत उमेदीची वर्षं घालवलेली बाई, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतो: ‘कंपनी कशी आहे हो?’ आई-बाबांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. चांगली आहे, डोळे मिटून जॉइन होऊ दे. किंवा नको, पिळून घेतात. मला यातलं कुठलंच म्हणता येत नाही, आणि मग त्यांना वाटतं, ही काहीतरी हातचं राखून बोलतेय.

हातचं काही राखत नाही. लाखाच्या वर माणसं असलेल्या या कंपन्यांमध्ये ‘कंपनी’ नावाचा अनुभव कुणालाच येत नाही, एवढंच माझं म्हणणं. अनुभव येतो तो प्रोजेक्टचा. पगाराच्या स्लिपवर, आयकार्डाच्या पट्ट्यावर आणि दिवाळीच्या मिठाईच्या डब्यावर कंपनीचं नाव असतं. बाकी घरी किती वाजता जायचं, गौरी-गणपतीला रजा मिळणार की नाही, कुणाशी वाद घालायचा आणि कुणापुढे गप्प बसायचं, हे सगळं प्रोजेक्ट ठरवतो. एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सहाला खुर्च्या रिकाम्या होतात आणि पाचव्या मजल्यावर रात्री अकराला पिझ्झाची ऑर्डर जाते. दोन्हीकडच्यांना विचारा, कंपनी कशी आहे म्हणून. दोघंही खरंच सांगतील.

याचं मूळ धंद्यातच आहे. कारखान्यात वस्तू विकली जाते, पगार हा त्यातला एक खर्च. आमच्याकडे विकायला वस्तूच नाही, माणसाचा तास विकायचा. क्लायंटबरोबरच्या कराराला रेट कार्ड जोडलेलं असतं: इतक्या वर्षांच्या अनुभवाचा माणूस पुण्यात बसून ताशी इतके डॉलर, अमेरिकेत क्लायंटच्या ऑफिसात बसून ताशी इतके. मी लागले त्या काळात पुण्यातल्या माणसाचा दर ताशी वीस-पंचवीस डॉलर असे, ऑनसाइटवाल्याचा त्याच्या तिप्पट. त्यातून पगार, जागा, वीज, बस आणि जे लोक सध्या विकले जात नाहीयेत, म्हणजे ‘बेंच’वर आहेत, त्यांचा खर्च वजा जाता उरतो तो नफा. म्हणून पिरॅमिड हवा. खाली भरपूर फ्रेशर, वर मोजके जाणते. फ्रेशरचा पगार वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो, पण क्लायंटच्या बिलात तोही इंजिनिअरच. वर्षं सरतात तसा पगार चढतो, दर मात्र करारात गोठलेला. एक वेळ अशी येते, की उत्तम काम करणारा माणूसच त्या प्रोजेक्टला महाग पडायला लागतो. त्याला हलवून खालचा कुणी तरी बसवायचा. याला पिरॅमिड सुधारणं म्हणतात. मीटिंगमध्ये हे फार सहज बोललं जातं, आणि ज्याला हलवायचं तो बऱ्याचदा त्याच मीटिंगमध्ये चहा पीत बसलेला असतो.

स्टाफिंगची शीट पहिल्यांदा माझ्याकडे आली ती मी लीड झाल्यावर. त्यात नावं होती, नावांपुढे दर होते, आणि माझंही नाव होतं. साहजिकच मी मोबाइलवर हिशेब केला. माझा महिन्याचा पगार माझ्या साधारण चार दिवसांच्या बिलात निघत होता. शेजारी बसणारा म्हणाला, ‘त्यात तुझा एसी, तुझी बस आणि उद्याचा तुझा बेंचसुद्धा आला बरं का.’ बरोबरच होतं त्याचं. राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. उलट आपण बिलेबल आहोत, म्हणजे आपलं बिल क्लायंटला लावता येतं, आपल्या नावापुढे दर आहे, याचं बरंच वाटलं. या धंद्यात माणूस किती लवकर मुरतो, ते या ‘बरं वाटण्या’वरून ओळखावं.

टाइमशीटबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ती एक क्षुल्लक कारकुनी वाटते.

शुक्रवारी दुपारनंतर मेल येतो, टाइमशीट भरा. न भरणाऱ्यांची डिफॉल्टर लिस्ट सोमवारी सगळ्या टीमला सीसी करून फिरते. शीटमध्ये आडव्या ओळीत प्रोजेक्टचा कोड, उभ्या रकान्यांत वार. आठ, आठ, आठ, आठ, आठ. बेरीज चाळीस. नवीन असताना एका रिलीजच्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर क्लायंटकडे चालू करायच्या, आठवड्यात मी खरे तास भरले. सोमवारी सकाळी मॅनेजर माझ्या डेस्कच्या कडेवर येऊन टेकला.

‘अगं, त्रेपन्न तास? क्लायंटनं चाळीस अप्रूव्ह केलेत.’

‘पण बसले होते ना सर मी. शनिवारीही आले होते.’

‘बसलीस ना, मग झालं की. शीटमध्ये चाळीस कर.’

माणूस वाईट नव्हता. रिलीजच्या रात्री तो स्वतः आमच्याबरोबर जागा होता, सगळ्यांसाठी वडापाव त्यानंच आणवले होते. पण जादा तास शीटवर आले की त्याला दोन प्रश्न विचारले जाणार: अंदाज चुकला कसा, आणि हे पैसे कोण देणार? शीटवर नसलेले तास कुणी विचारत नाही. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालतो, जादा कामाला दुप्पट दर सांगतो. उद्या कुणी इन्स्पेक्टर येऊन हिंजवडीतल्या टाइमशीट तपासू लागला, तर त्याला जगातली सर्वांत शिस्तशीर, निरोगी माणसं सापडतील. रोज बरोबर आठ तास काम करणारी.

उलटंही चालतं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासाच्या कामावर अख्खा दिवस लागतो. काल कॉलेजातून आलेला पोरगा क्लायंटच्या यादीत तीन वर्षांच्या अनुभवाचा असतो, आणि त्याच्या मागे एक खरा अनुभवी माणूस त्याचं काम निस्तरत असतो, ज्याचं नाव यादीत नसतं. एकूण काय, कागद आणि माणूस यांचा मेळ बसलाच पाहिजे असा इथे कुणाचा आग्रह नाही.

याचा परिणाम डोक्यावर होतो. सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं होतं, बाहेर बाकावर बसले होते, आणि मनात आपोआप प्रश्न आला: हा अर्धा दिवस कुठल्या कोडवर? नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. तोही आयटीतलाच, म्हणून हसला.

आता बेंच. प्रोजेक्ट संपला आणि पुढचा मिळाला नाही, तर मधला काळ म्हणजे बेंच. नातेवाइकांना वाटतं, फुकटचा पगार, मज्जा आहे. पहिला आठवडा असते मज्जा. पासपोर्टचं नूतनीकरण होतं, बँकेची कामं होतात, मुलीला शाळेतून स्वतः आणता येतं. नंतर तुमच्या लक्षात येतं की आपल्याला बसायला जागा नाही. जुन्या टीमच्या मजल्यावर तुमचं कार्ड चालत नाही. लॅपटॉपची बॅग घेऊन तुम्ही ट्रेनिंग रूममध्ये, लायब्ररीत, शेवटी कॅन्टीनमध्ये बसता, आणि दुपारी जेवायला येणारे ओळखीचे लोक हळू आवाजात विचारतात, ‘झालं का काही?’ लग्नाच्या वयाच्या मुलीला विचारतात ना, अगदी तस्संच. पुढची सगळी रीतही तीच. तुमचा प्रोफाइल पाठवतात, समोरचे बघतात, फोनवर प्रश्न विचारतात, ‘कळवतो’ म्हणतात, आणि कळवत नाहीत. गंमत म्हणजे हे सगळे तुमच्याच कंपनीचे लोक असतात. नोकरीत असताना, त्याच कंपनीत, नोकरी शोधायची.

मग रिसोर्स मॅनेजमेंटवाल्यांचे, म्हणजे माणसं प्रोजेक्टवर वाटणाऱ्यांचे, फोन सुरू होतात. पलीकडची मुलगी कधी तुम्हाला भेटलेली नसते, तिच्यासमोर यादी असते. चेन्नईला जाल का? टेस्टिंग कराल का? रात्रपाळी चालेल का? दोनदा नाही म्हटलं की तिच्या आवाजातला ‘मॅम’ गळून पडतो. मी बेंचवर होते तो काळ २००८-०९च्या मंदीचा. वॉल स्ट्रीटवर बँका कोसळत होत्या आणि आम्ही पुण्यात कॅन्टीनमध्ये बसून टीव्हीवर ते बघत होतो, त्यातली एक बँक आमच्यातल्या कित्येकांचा क्लायंट होती. बेंचवर असताना मी एक नवं टूल शिकले, सर्टिफिकेट मिळवलं. ते पुढे कधीही उपयोगी पडलं नाही. पण रोज अंघोळ करून, बसने येऊन कॅन्टीनमध्ये बसायला ते एक निमित्त होतं. घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. माझ्या आईला मी बेंच म्हणजे काय ते कधी सांगितलंच नाही. ती बँकेतून निवृत्त झालेली, तिला कळलं नसतं, आणि कळलं असतं तर झोप उडाली असती.

अलीकडे तर या काळाला मुदतच पडलीय. २०२५ मध्ये टीसीएसनं जाहीर नियम केला: वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असायला हवं, बेंच ३५ दिवसांच्या वर नको. माझ्या वेळी हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. लिहिलेलं बरं की न लिहिलेलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला बेंचवरून उचललं ते एका विमा कंपनीच्या कामासाठी, आणि मग काही काळ मी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला होते. हार्टफर्ड म्हणजे अमेरिकेच्या विमाधंद्याचं जुनं माहेरघर. आमच्यासारखी बरीच मंडळी जवळच्या रॉकी हिलमध्ये भाड्यानं राहायची. अपार्टमेंटच्या जिन्यात संध्याकाळी फोडणीचा वास यायचा आणि हिवाळ्यात गाडीवरचा बर्फ खरवडताना दर तिसरा माणूस तेलुगूत नाहीतर मराठीत वैतागलेला असायचा. क्लायंटच्या ऑफिसात त्यांच्या लोकांचे बॅज निळे, आमचे केशरी. केशरी बॅजवाल्यांना नाताळच्या पार्टीचं आमंत्रण नसे. पहिल्या वर्षी मला त्याचं वाईट वाटलं, दुसऱ्या वर्षी नाही.

काम कोबोल या जुन्या संगणकभाषेतलं, मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर चालणाऱ्या पॉलिसीच्या प्रणालीचं. अमेरिकेत विम्याचे नियम राज्याराज्यांचे वेगळे, त्यामुळे त्या कोडमध्ये पन्नास राज्यांच्या पन्नास खोडी भरलेल्या. त्या सगळ्या खोडी जिच्या डोक्यात होत्या ती साठीची बाई. कॉलेज संपल्यापासून त्याच कंपनीत, त्याच इमारतीत. तिचं काम आम्ही शिकून पुण्याला न्यायचं होतं. नॉलेज ट्रान्सफर, थोडक्यात केटी, म्हणतात त्याला. ती रोज सकाळी एक स्पायरलची वही घेऊन यायची आणि पान उघडून सांगायची. फ्लोरिडाची ही अट बघ, १९९२च्या अँड्र्यू वादळानंतर घातली, ज्यानं घातली तो आता नाही, काढू नका. हा प्रोग्रॅम महिनाअखेरीला दोनदा चालतो, तो बग नाही, तसाच हवाय. कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये हे नव्हतं.

केटीनंतर रिव्हर्स केटी असते. म्हणजे शिकणाऱ्यानं शिकवणाऱ्याला सगळं परत समजावून सांगायचं आणि शिकवणाऱ्यानं शीटमध्ये एकेका मुद्द्यापुढे सही करायची. मी बोलत होते, ती शेवटच्या खुर्चीत बसून ऐकत होती. मध्येच थांबवून दुरुस्ती करत होती, आणि एखादं बरोबर सांगितलं की मान हलवून टिक करत होती. त्या शीटवरची तिची शेवटची सही झाली की तिची नोकरी संपणार होती. आमच्या प्लॅनमध्ये ती तारीख हिरव्या रंगात होती, ‘वेळेवर’ या अर्थानं. तिनं एका दिवसाचाही उशीर केला नाही. एकदा जेवताना एवढंच विचारलं, ‘तुझ्यानंतर हे कोण बघणार?’ मी म्हटलं, पुण्यात आमची टीम आहे. ‘आणि त्यांच्यानंतर?’ म्हणाली. मी काहीतरी प्रोसेसबिसेसचं सांगितलं असावं.

त्यांच्यानंतर काय झालं, ते मला काही वर्षांनी पुण्यात बसून बघायला मिळालं. करार संपला, नव्यानं निविदा निघाल्या, दुसऱ्या एका बड्या कंपनीनं कमी दर भरला. आता आम्ही केटी देणारे. समोर नवी पोरं, हातात तीच एक्सेल शीट, फक्त लोगो वेगळा. मी फ्लोरिडाची अट सांगितली, महिनाअखेरचा प्रोग्रॅम सांगितला. आमच्यातल्या काही जणांना नव्या कंपनीनं सरळ उचललं. याला रिबॅजिंग म्हणतात, आणि त्याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. शुक्रवारी एका कंपनीचा पट्टा, सोमवारी दुसऱ्या. क्लायंट तोच, कोड तोच, रात्री दोनला फोन करणारा ऑपरेटर तोच. माझा एक सहकारी असा गेला. महिन्याभरानं भेटला तेव्हा विचारलं, ‘कशी आहे नवी कंपनी?’ म्हणाला, ‘फेज दोन ऐवजी फेज तीनला उतरतो. बाकी काही नाही.’

‘बाकी काही नाही’ हे अक्षरशः खरं होतं, फक्त फेज तीन, हिंजवडीच्या आयटी पार्कचा पुढचा टप्पा, म्हणजे अजून अर्धा-पाऊण तास. हिंजवडीत राहणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही विचारा. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीतून वाकडला निघतं तेव्हा वाहतूक वळवतात, आणि आयटीवाले ग्रुपवर कुरकुरतात. वर्षातले बाकीचे दिवस त्याच गावकऱ्यांच्या घरांसमोर आमच्या गाड्या तासन् तास उभ्या असतात, त्याची कुरकुर कुठल्या ग्रुपवर होते ते आम्हाला कळत नाही.

मोठी कंपनी म्हणजे भक्कम, असं आमच्या वडिलांच्या पिढीचं ठाम मत. त्यांना मी दोन गोष्टी सांगायचे. आर्थर अँडरसन ही अमेरिकेतली हिशेब तपासणारी जुनी, मातब्बर पेढी. १९५०च्या दशकात तिच्याच लोकांनी केंटकीत जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्याची पगारपत्रकं युनिव्हॅक संगणकावर चढवली, आणि आमचा हा सगळा धंदा तिथून वाढला. त्यातली कन्सल्टिंगची शाखा भांडून वेगळी झाली आणि १ जानेवारी २००१ पासून अॅक्सेंचर झाली. पुढच्या वर्षी एन्रॉन कंपनीच्या हिशेब-घोटाळ्यात मूळ पेढी बुडाली. जगभरात तिची सुमारे ८५ हजार माणसं होती, त्यातल्या बहुतेकांनी एन्रॉनचा कागद पाहिलाही नव्हता. दुसरी गोष्ट आपल्याकडची, सत्यम या आयटी कंपनीची. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांचं पत्र आलं, ताळेबंद खोटे असल्याचं. पन्नास हजारांवर माणसं एका सकाळीत अधांतरी. माझी एक मैत्रीण तिथे होती. मी घाबरत फोन केला, तर ती म्हणाली, ‘आत्ता नको, कॉलवर आहे, क्लायंटचं प्रॉडक्शन पडलंय.’ म्हणजे क्लायंटची चालू प्रणाली बंद पडली होती. कंपनी राहते की जाते, पगार होतो की नाही, कुणालाच माहीत नव्हतं, पण प्रोजेक्ट चालू होता. एप्रिलमध्ये टेक महिंद्रनं ती कंपनी घेतली. मैत्रिणीचा बॅज बदलला, डेस्क नाही.

अप्रेझलचं, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनाचं, फार सांगत नाही, सगळीकडे तेच आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्श यांनी लोकप्रिय केलेली वरचे वीस, मधले सत्तर, खालचे दहा टक्के ही उतरंड आमच्याकडे बेल कर्व्ह म्हणून आली. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये ती सोडली, अॅक्सेंचरनं २०१५ मध्ये सोडत असल्याचं सांगितलं, पेपरात कौतुकाचे लेख आले. पण वाढीसाठी पैसे ठरावीक असतात तोवर कुणीतरी कुठेतरी रांग लावतंच. मुलीच्या वेळची माझी रजा बारा आठवड्यांची, सव्वीस आठवडे २०१७ पासून झाले. त्या वर्षी रेटिंग घसरलं. मॅनेजर म्हणाला, ‘कामाबद्दल काही नाही गं. पण टीममधून एक नाव खाली द्यावंच लागतं, आणि तू काही महिने नव्हतीस.’ त्यात लपवाछपवी नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

२०२४ च्या सप्टेंबरात एका आईचं पत्र सगळ्या ग्रुपांवर फिरलं. पुण्यात एका जागतिक कंपनीत लागलेली केरळची २६ वर्षांची सीए मुलगी, नोकरीला जेमतेम चार महिने, जुलैत गेली. आईनं कामाच्या बोज्याबद्दल लिहिलं होतं. कंपनीच्या प्रमुखांनी बोजामुळे मृत्यू झाला असं मानायला नकार दिला, मानवी हक्क आयोगानं स्वतःहून दखल घेतली. त्या पत्रावर खूप वाद झाले, मी त्यात पडले नाही. पण पत्रातली एक ओळ वाचून मी थांबले: अंत्यविधीला ऑफिसातून कुणीही आलं नाही. लोक म्हणाले, किती निर्दयी माणसं. मला तसं वाटत नाही. चार महिन्यांच्या माणसाचं कुणी ‘आपलं’ असायला वेळच मिळालेला नसतो. टीममधल्यांना वाटतं मॅनेजर जाईल, मॅनेजरला वाटतं एचआर बघेल, एचआरला वाटतं टीम जाईल. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक तासाला एक मालक लिहिलेला असतो. मयताला कुणी जायचं, त्याचा रकाना नसतो. हे निर्दयपणापेक्षा बरं आहे असं मी म्हणत नाही. कदाचित वाईटच आहे, कारण चांगल्या माणसांकडूनही ते घडतं.

आणि तरीही, इतकी वर्षं मी राहिले का, असं मुलगी विचारते. पगार, घराचा हप्ता, ही उत्तरं खरी आहेत. पण त्या विमा-प्रोजेक्टच्या टीमनं मला जे दिलं ते दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळालं असतं असं वाटत नाही. रात्री तीनला बॅच, म्हणजे रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमांची साखळी, बंद पडली की भुसावळचा एक, इस्लामपूरची एक, विशाखापट्टणमचा एक आणि मी, चौघं फोनवर एकमेकांच्या श्वासावरून ओळखायचो, कुणाला कारण सापडलंय. नवरा कामासाठी परदेशात असताना मुलीला ताप आला, तर दवाखान्यात माझ्याबरोबर रात्रभर बसली ती ही इस्लामपूरची. तिचं रेटिंग मी ठरवणार होते, आणि तिला ते माहीत होतं, आणि तरी त्या रात्रीत त्याचा लवलेश नव्हता. ती टीमच मग एका मेलनं विखुरली: चौघांना चार ठिकाणी अलोकेशन, सोमवारपासून.

मी नोकरी सोडली त्या दिवशी लॅपटॉप, चार्जर आणि कार्ड एका काउंटरवर जमा केलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये सोडण्याचं कारण निवडायचं होतं. दिलेल्या आठ-नऊ कारणांत माझं नव्हतं, मी ‘वैयक्तिक’ निवडलं. काउंटरवरच्या मुलानं चार्जर तपासून पाहिला.

ग्रुप मात्र अजून आहे. कंपनीच्या नावानं नाही, विमा-प्रोजेक्टच्या कोडच्या नावानं. त्यातले बहुतेक आता वेगवेगळ्या कंपन्यांत. २०२५ च्या जुलैत टीसीएसनं सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली, आणि मग दुसऱ्या कंपन्यांमध्येही कुजबुज सुरू झाली. एका रात्री भुसावळवाल्यानं ग्रुपवर लिहिलं की एचआरनं बोलावलं होतं, उद्या राजीनामा टाका म्हणतात. सतरा वर्षं झाली होती त्याला तिथे. त्याची कंपनी टीसीएस नव्हे, नाव सांगत नाही.

पुढच्या अर्ध्या तासात जे झालं ते बघण्यासारखं होतं. सांत्वनाचे शब्द अगदी मोजके. इस्लामपूरची म्हणाली, आधी काहीही टाइप करू नकोस, जे म्हणतायत ते लेखी माग. स्वतः राजीनामा दिला की नंतर काढलं हे सिद्ध करणं अवघड. कुणीतरी ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडला: शेवटचं बेसिक गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले वर्षं, म्हणजे बेसिक साठ हजार धरलं तर ५ लाख ८८ हजारांच्या आसपास, राजीनामा दिला म्हणून ती अडवता येत नाही. एकानं आयटीवाल्यांच्या युनियनचा पत्ता दिला, कामगार आयुक्तांकडे तक्रार कशी जाते ते सांगितलं. गृहकर्जाचे हप्ते किती उरलेत, मेडिक्लेम कंपनीचा होता की स्वतःचाही आहे, हे प्रश्न तिसऱ्यानं विचारले. त्याच्या बायकोला मी दुसऱ्या दिवशी फोन केला.

नव्या नोकरीसाठी रेफरल, म्हणजे आतल्या माणसाची शिफारस, रिबॅज होऊन गेलेल्या त्या फेज तीनवाल्यानं दिलं. कोबोल येणारी माणसं आता मिळत नाहीत, त्यांच्याकडे जागा होती, हार्टफर्डच्याच कामावर. इंटरव्ह्यू घेणारी मुलगी वयानं त्याच्याहून बरीच लहान, त्या टीमची लीड. तिनं पहिलाच प्रश्न फ्लोरिडाच्या अटीवर विचारला: ‘ही का आहे कुणालाच माहीत नाही सर, काढून टाकू का आम्ही?’